सुईण गेली, तिच्या जागीं कोण आलें?

सुशिक्षित मंडळींत हल्लीं बाळंतपणाविषयीं एक प्रकारचें समाधान पसरलेलें दिसतें. अंधारी खोली गेली, धुरी गेली, विळ्यानें नाळ कापणारी सुईण गेली. आतां मूल रुग्णालयांत, लख्ख प्रकाशांत, शिकलेल्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीं जन्मास येतें. तेव्हां या प्रश्नाचा कायमचा निकाल लागला, असें बहुतेकांस मनापासून वाटतें. या समाधानाचा अर्धा भाग खरा आहे आणि तो आम्ही आनंदानें मान्य करतों. उरलेला अर्धा भाग खोटा आहे. आणि त्या खोट्या भागाची किंमत बाळंतीण व तिचें मूल हीं दोघें रोज मोजीत आहेत, म्हणून हा लेख लिहिणें भाग पडलें.

प्रथम खऱ्या भागाविषयीं. सरकारी नमुना नोंदणीप्रमाणें २०१८ ते २०२० या काळांत दर एक लक्ष जिवंत जन्मांमागें भारतांत ९७ माता दगावल्या. महाराष्ट्रांत हा आंकडा ३३ इतका खालीं आला होता. आमच्या पणज्यांच्या काळीं घरोघर ऐकूं येणाऱ्या मृत्यूंशीं ही संख्या ताडून पाहिली म्हणजे रुग्णालयाचे उपकार नाकारण्याची कोणास छाती होणार नाहीं. नाळेच्या जखमेंतून शिरणारा अर्भकांचा धनुर्वात, ज्यानें पाळण्यामागून पाळणे रिकामे केले, तो सार्वजनिक संकट म्हणून देशांतून नाहींसा झाल्याचें २०१५ सालीं मान्य झालें. म्हणून जे कोणी जुन्या सुइणीच्या नांवानें गहिंवरून येतात आणि "पूर्वीं बायका शेतांत बाळंत होत व दुसऱ्या दिवशीं कामाला लागत" असें सांगतात, त्यांच्या पंगतीस आम्ही बसणार नाहीं. ज्या बायका शेतांतून परत आल्याच नाहींत, त्यांच्या गोष्टी सांगावयास कोणी उरलें नाहीं, एवढाच त्या आठवणींचा अर्थ आहे.

आतां दुसरा भाग पाहूं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणें २०१५-१६ सालीं देशांतील ७८.९ टक्के बाळंतपणें रुग्णालयांत होत. २०१९-२१ च्या पाहणींत हें प्रमाण ८८.६ टक्के झालें. पांच वर्षांत जवळजवळ दहा टक्क्यांची वाढ! साहजिकच कोणीहि म्हणेल कीं, जन्मानंतरच्या पहिल्या तासांत आईचें दूध मिळणाऱ्या मुलांचें प्रमाणहि त्याच वेगानें वाढलें असेल. तें पहिल्या पाहणींत ४१.६ टक्के होतें आणि दुसऱ्या पाहणींत ४१.८ टक्के! लाखों बाळंतिणी घरांतून उचलून रुग्णालयांत नेल्या, आणि ज्या एका तासासाठीं शिकलेल्या माणसाचा हात त्यांच्या खांद्यावर हवा होता, त्या तासांत कांहींच बदललें नाहीं. इमारत बदलली, खाट बदलली, खर्च तर पुष्कळच बदलला. मात्र बाळंतिणीशेजारची जागा रिकामीच राहिली. आमचें भांडण त्या रिकाम्या जागेशीं आहे.

जुन्या सुइणीस पुष्कळ गोष्टी ठाऊक नव्हत्या, आणि ज्या ठाऊक होत्या त्यांतल्याहि कित्येक चुकीच्या होत्या. पहिल्या दिवसांतील पिवळसर, दाट दूध ज्याला आपण चीक म्हणतों, तो पिळून टाकावयास लावणें, मधाचें बोट चाटवणें, तिसऱ्या दिवसापर्यंत मूल उपाशी ठेवणें, या चालींचें समर्थन होणें शक्य नाहीं. परंतु तिच्यापाशीं एक गोष्ट होती: ती उठून जात नसे. कळा सुरू झाल्यापासून ती कंबरेला हात लावून बसे. पुढें दहाबारा दिवस रोज येऊन न्हाऊंमाखूं घाली, स्तनांना गांठी आल्या आहेत काय तें पाही, मूल कसें ओढतें तें पाही, आणि घाबरलेल्या पोरीला दोन शब्द धीराचे सांगे. तिच्या अज्ञानाबरोबर आम्हीं तिची ही सोबतहि बाहेर फेंकून दिली. घाण पाण्याबरोबर घागरहि विहिरींत सोडावी, तसा हा प्रकार झाला.

आमचें पनवेल या स्थित्यंतराचें उत्तम उदाहरण आहे. येथें १८५२ सालीं नगरपालिका स्थापन झाली. १ ऑक्टोबर २०१६ रोजीं तिची महानगरपालिका झाली आणि खारघर, कामोठें, कळंबोली, नवीन पनवेल या वसाहती तिच्या छत्राखालीं आल्या. एके काळीं बैलगाडीच्या चाकांबद्दल नांवाजलेल्या या गांवाच्या कुशींत २०२५ सालीं विमानतळहि आला. रस्त्यारस्त्यावर प्रसूतिगृहांच्या पाट्या आहेत. या बाजूस विसाव्या मजल्यावर राहणारी नोकरदार स्त्री आहे, जिची आई साताऱ्यास किंवा रत्नागिरीस आणि सासू आणखी तिसरीकडे. आणि त्या बाजूस डोंगराच्या पायथ्याशीं ठाकूर-कातकऱ्यांच्या वाड्या आहेत, जेथील बाई वीटभट्टीवरून परत येते ती सातव्या महिन्यांत. दोघींची स्थिति जमीनअस्मानाच्या अंतराची. पण एका गोष्टींत दोघी सारख्याच अनाथ आहेत. बाळंत झाल्यावर मूल छातीशीं कसें धरावें हें शिकविणारें माणूस दोघींपाशींहि नाहीं.

यावर कोणी म्हणेल, "मूल पाजावयास शिकवावें कशाला लागतें? गाय-म्हैस कोणत्या शाळेंत जाते?" हा प्रश्न ज्यांनीं कधीं मूल पाजलें नाहीं अशा पुरुषांच्याच तोंडीं विशेष शोभतो. माणसाचें पोर वासराप्रमाणें उठून उभें राहत नाहीं. त्याला आईनें आणि आईला दुसऱ्या अनुभवी बाईनें मदत करावी लागते. पूर्वीं मुलगी आपल्या चुलत्या-मावश्यांना, भावजयांना मुलें पाजतांना रोज पाही. आज पहिलें तान्हें मूल ती हातांत घेते तें स्वतःचेंच. जें ज्ञान वाड्यांतल्या ओसरीवर न शिकवितां मिळत असे, तें सदनिकेंत शिकवूनच द्यावें लागणार.

आणि तें ज्ञान अगदीं साधें, पण नेमकें आहे. जन्मतांच मूल पुसून कोरडें करून आईच्या उघड्या छातीवर ठेवावें. तासाभरांत तें आपण होऊन स्तन शोधूं लागतें. पाजतांना केवळ बोंडशी तोंडांत देऊन भागत नाहीं. मुलानें मोठा आ करावा, भोंवतालच्या काळसर भागाचा, विशेषतः खालच्या बाजूचा, बराच अंश तोंडांत जावा, हनुवटी स्तनाला टेकावी. एवढें साधलें तर दुखत नाहीं व दूध निघतें. एवढें चुकलें तर बोंडशीस चिरा पडतात, मूल उपाशी राहतें आणि आई रडकुंडीस येते. पहिल्या दोन दिवसांत चीक थोडाच असतो, कारण मुलाचें पोटहि एका वेळीं चहाचा चमचाभर दूध मावेल एवढेंच असतें. भरपूर दूध दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास येतें. शस्त्रक्रियेनें बाळंत झालेल्या स्त्रीस कांहीं वेळां थोडा अधिक वेळ लागतो. आणि सर्वांत मोठी गोष्ट ही कीं, दूध हें सांठवणीचें पाणी नसून झऱ्याचें पाणी आहे: जितकें उपसावें तितकें येतें, उपसणें थांबलें कीं आटतें.

आतां पुष्कळ घरीं घडतें तें पाहा. दुसरी रात्र असते. मूल रडतें. "सूनबाई, याचें पोट भरत नाहीं. तुला दूधच नाहीं," असें सासूबाई म्हणतात, त्यांना तरी कोणी वेगळें सांगितलेलें असतें? "आई, उगीच हाल नकोत, डबा आणतों," असें म्हणून मुलगा खालीं दुकानांत जातो. रात्रपाळीची परिचारिका एकटीच, तिच्याकडे वीस खाटा, तीहि म्हणते, "द्या थोडें, झोपेल तरी." बाटली तोंडांत जाते, मूल झोपतें, आणि सर्वांस डब्याचा गुण पटतो. पोट भरलेलें मूल पुढच्या वेळीं ओढीत नाहीं. ओढीत नाहीं म्हणून पान्हा कमी होतो. पान्हा कमी म्हणून बाटली वाढते. पंधरा दिवसांनीं "हिला दूध नव्हतें" हें वाक्य घराच्या इतिहासांत कायमचें नमूद होतें, आणि ती पोर जन्मभर आपल्या अंगांत कांहीं उणें होतें अशा समजुतीनें वागते. उणें होतें तें त्या रात्रीं तिच्या शेजारीं बसून मुलाची मान नीट धरावयास शिकविणारें माणूस. दोष व्यवस्थेचा, आणि शिक्षा बाळंतिणीला!

या चक्रावर कोणाचें पोट भरतें हेंहि स्पष्ट सांगितलें पाहिजे. डॉ. सिसिली विल्यम्स या बाईंनीं १९३९ सालीं सिंगापुरांत भर सभेंत, गोड डब्याच्या दुधानें मुलें मारणें ही हत्याच होय, असें ठणकावून सांगितलें होतें. परदेशांत १९७७ सालीं एका बड्या दुग्धव्यापारी कंपनीच्या मालावर बहिष्कार पुकारला गेला. १९८१ सालीं जागतिक आरोग्य परिषदेनें अशा मालाच्या जाहिरातींवर निर्बंध घालणारी संहिता मंजूर केली. आमच्या देशानें तर १९९२ सालीं कायदाच केला आणि २००३ सालीं तो अधिक कडक केला. त्याप्रमाणें दोन वर्षांखालील मुलांच्या अशा अन्नाची जाहिरात करणें, आईला फुकट नमुने देणें, डॉक्टरांस वा परिचारिकांस भेटी देणें हे गुन्हे आहेत आणि त्यांस कारावासाची शिक्षा आहे. डब्यावर गुटगुटीत मुलाचें चित्र छापण्याससुद्धां मनाई आहे. कायदा इतका चांगला आहे कीं, तो वाचलेला माणूस आपल्याकडे क्वचितच भेटतो! आमच्या वाचकांपैकीं किती जणांस ठाऊक होतें कीं, प्रसूतिगृहांत हातांत पडलेला फुकटचा डबा हा अपराधाचा पुरावा आहे?

येथें एक गैरसमज दूर करूं. कांहीं थोड्या स्त्रियांस खरोखरच पुरेसें दूध येत नाहीं. कांहींस आजारामुळें किंवा औषधामुळें पाजतां येत नाहीं. कांहीं मुलें दिवस भरण्यापूर्वींच जन्मतात. त्यांच्याकरितां डबा हें औषध आहे आणि तें तज्ज्ञाच्या सल्ल्यानें निःसंकोच द्यावें. परंतु त्यापूर्वींहि एक उत्तम उपाय आहे. मुंबईस शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयांत डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनीं १९८९ सालीं मातृदुग्धपेढी सुरू केली. आशियांतील ती पहिलीच. एका आईचें जास्त झालेलें दूध तपासून, निर्जंतुक करून दुसरीच्या अशक्त मुलास द्यावयाचें, ही त्यांतील कल्पना. ज्या राज्यांत ती पेढी निघाली, त्याच राज्यांतल्या शहरांत प्रत्येक रडण्यावर डबा हाच तोडगा निघावा, हें आश्चर्य नव्हे काय?

आतां मुख्य प्रश्नाकडे वळूं. रिकाम्या जागीं कोणास बसवावें? डॉक्टरांस तेथें बसावयास सवड नाहीं, आणि त्यांचें शिक्षणहि मुख्यतः बिघडलेलें बाळंतपण सांवरण्याचें आहे. बहुसंख्य बाळंतपणें बिघडत नाहींत. त्यांस धीर, लक्ष, स्वच्छता आणि योग्य वेळीं धोका ओळखणारी नजर एवढेंच लागतें. हें काम शिकलेल्या सुइणीचें, आजच्या सरकारी भाषेंत प्रसाविकेचें, आहे. व्हिएन्ना शहरांत १८४७ सालीं डॉ. सेमेलवाइस यांना काय आढळलें? एकाच रुग्णालयाच्या दोन कक्षांपैकीं ज्यांत वैद्यकाचे विद्यार्थी काम करीत, तेथें सुइणींच्या कक्षाहून कितीतरी अधिक बाळंतिणी ज्वरानें मरत. कारण विद्यार्थी शवविच्छेदन करून तशाच हातांनीं येत. हात धुवावयास लावतांच मृत्यु घटले. तेव्हां ज्ञानाची पदवी मोठी म्हणून हात सुरक्षित, हा सिद्धान्त पावणेदोनशे वर्षांपूर्वींच मोडला. स्वीडन देशानें एकोणिसाव्या शतकांत गांवोगांव शिकलेल्या सुइणी नेमून मातांचे मृत्यु कमी केले; आजहि तेथें साध्या बाळंतपणांचा भार त्यांच्यावरच आहे.

आणि आपल्याकडे? खेडोपाडींच्या उपकेंद्रांत जी बाई काम करते तिच्या हुद्द्याचें नांवच "सहाय्यक परिचारिका प्रसाविका" असें आहे. नांवांत प्रसाविका आहे. हातांत मात्र लसींची पेटी आणि नोंदवह्यांचा गठ्ठा. सरकारला ही उणीव दिसली नाहीं असें नाहीं. २०१८ सालीं केंद्र सरकारनें प्रसाविका-सेवेचीं मार्गदर्शक तत्त्वें प्रसिद्ध केलीं. परिचारिकांस दीड वर्षाचें खास शिक्षण देऊन, त्यांच्याच नेतृत्वाखालीं चालणारे प्रसूतिकक्ष मोठ्या रुग्णालयांच्या आवारांत काढावे, अडचण येतांच शेजारीं डॉक्टर असावे, अशी ती योजना. योजना उत्तम आहे. पण तिची गति बैलगाडीची आहे, आणि ती वाढावी म्हणून ओरड करणारें कोणी नाहीं. ओरड करावी ती सुशिक्षित वर्गानें. आणि तो वर्ग तर खाजगी प्रसूतिगृहाच्या वातानुकूलित खोलींत समाधानानें बसला आहे!

त्या खोलीचाहि हिशेब एकदां पाहूं. २०१९-२१ च्या पाहणीप्रमाणें सरकारी रुग्णालयांत शंभरांत १४.३ बाळंतपणें पोट फाडून झालीं, खाजगींत ४७.४. श्रीमंतांच्या बायकांचे देह गरिबांच्या बायकांहून तिपटीनें अधिक बिघडलेले असतात, असें मानावयास कोणी तयार असेल तर त्यानें खुशाल मानावें. वाड्यांतल्या कित्येक बाईस गरज असतांना ही शस्त्रक्रिया वेळेवर मिळत नाहीं, हेंहि तितकेंच खरें. एकीकडे अतिरेक, दुसरीकडे दुष्काळ. शस्त्रक्रियेनें प्राण वांचतात आणि ज्या वेळीं ती लागते त्या वेळीं क्षणाचाहि विलंब होतां कामा नये. पण सोईसाठीं, भीतीपोटीं किंवा मुहूर्तासाठीं ती होते तेव्हां पहिला तास हमखास हुकतो, टांक्यांमुळें मूल घेणें अवघड जातें, आणि डब्याची वाट मोकळी होते. कळा सोसतांना धीर देणारी प्रसाविका शेजारीं असेल तर निम्मी भीति तेथेंच जिरते.

"आमच्या देशांत एवढें मनुष्यबळ कोठून आणावें?" असा आक्षेप येईल. त्याचें उत्तर महाराष्ट्रांतच आहे. गडचिरोलीच्या खेड्यांत डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनीं गांवच्याच थोड्याफार शिकलेल्या बायकांस आरोग्यदूत म्हणून तयार केलें. त्या घरोघर जाऊन नवजात मुलांची काळजी घेऊं लागल्या आणि तेथील नवजात मृत्यूंचें प्रमाण ६२ टक्क्यांनीं घटलें, हें १९९९ सालीं लॅन्सेट या जगन्मान्य वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झालें. पुढें देशभरच्या आशा सेविकांच्या गृहभेटी याच धड्यावरून निघाल्या. जंगलांतल्या खेड्यांत जें साधलें, तें विमानतळाच्या शहरांत साधणार नाहीं, असें म्हणण्यास जीभ कशी वळते?

आमच्या मागण्या थोडक्यांत सांगतों. पनवेलींतील प्रत्येक सरकारी प्रसूतिगृहांत शिकलेल्या प्रसाविकांचा कक्ष असावा आणि त्यांस निर्णयाचा अधिकार असावा. घरीं गेल्यावर पहिल्या आठवड्यांत प्रत्येक बाळंतिणीकडे, मग ती वाडींतली असो वा विसाव्या मजल्यावरची, पाजण्याची तपासणी करणारी बाई जावी. महानगरपालिकेनें प्रत्येक प्रसूतिगृहाच्या दारावर दोन आंकडे दर वर्षीं लावावयास सांगावे: शस्त्रक्रिया किती झाल्या, आणि पहिल्या तासांत किती मुलांस आईचें दूध मिळालें. आणि १९९२ चा कायदा प्रत्येक औषधाच्या दुकानांत मराठींत टांगलेला असावा.

वाचकांचेंहि कांहीं कर्तव्य आहे. सून किंवा लेक सातव्या महिन्यांत गेली कीं डोहाळजेवणाचा बेत ठरतो. त्याच दिवशीं प्रसूतिगृहास चार प्रश्न विचारावे. कळांच्या वेळीं तिच्याजवळ कोण बसेल? मूल जन्मतांच आईच्या छातीवर ठेवाल काय? दुसऱ्या रात्रीं मूल रडलें तर मदतीस कोण येईल? आम्हांस न विचारतां डबा देणार नाहीं ना? उत्तरें चांचरत आलीं तर दुसरें दार ठोठावावें. आणि घरीं आल्यावर अळीव-डिंकाचे लाडू अवश्य करावे, पण "दूध पुरत नाहीं" हें वाक्य उच्चारण्यापूर्वीं मोजावें: पांचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा वेळां मूल लघवीनें ओलें होत असेल आणि वजन पुन्हां चढत असेल तर दूध पुरतें आहे. तसें होत नसेल तर आईला बोल न लावतां त्याच दिवशीं जाणत्या माणसाकडे जावें.

शेवटीं एक कडू गोष्ट. मुलास सहा महिने केवळ आईचें दूध द्यावें, पाण्याचा थेंबहि नको, असें सारें वैद्यकशास्त्र सांगतें. २०१७ सालीं कायद्यानें नोकरदार स्त्रीची प्रसूतिरजा बारा आठवड्यांवरून सव्वीसांवर नेली. प्रसूतीपूर्वीं आठ आठवडे घेतले तर मुलाकरितां अठराच उरतात, म्हणजे हिशेब तेथेंहि जुळत नाहीं. पण जी बाई वाडींतून वा चाळींतून सकाळीं येऊन आमच्याच घरची भांडीं घांसते, तिच्या रजेचा कायदा कोणता? सरकार पहिल्या मुलाच्या वेळीं पांच हजार रुपये देतें, आणि आम्ही तिसऱ्या आठवड्यांत निरोप धाडतों, "कधीं येतेस? नाहींतर दुसरी बघतों." तिचें मूल घरीं थोरल्या बहिणीच्या कडेवर साखरपाणी पितें, त्या वेळीं आमच्या दिवाणखान्यांत मातृत्वाच्या थोरवीवर व्याख्यान चाललेलें असतें. ज्यांस प्रसाविकेची मागणी मोठी वाटते, त्यांनीं आपल्या घरच्या बाईस सहा महिने भरपगारी रजा देऊन आरंभ करावा. त्यास ना सरकारी ठराव लागत, ना अंदाजपत्रक. फक्त लाज लागते.